चारचौघांत

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्रायटनमध्ये, सेंट जेम्स स्ट्रीटवर, भाजीच्या दुकानाबाहेर, दोन म्हातारे भांडत होते. दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. एकाच्या हातात चाकांची कापडी पिशवी, दुसऱ्याच्या डोक्यावर चुरगळलेली हॅट आणि नाकाच्या शेंड्यावर उतरलेला चष्मा. विषय होता लीकची, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारख्या भाजीची, जुडी. पिशवीवाल्याचं म्हणणं, घरी आहे, कालच आणली. हॅटवाल्याचं म्हणणं, ती कालची नाही, गुरुवारची, आणि गुरुवारीच तुला सांगितलं होतं, पण तू ऐकतोस कुठे. त्यावर पिशवीवाला म्हणाला, हे तू नेहमी करतोस, लोकांसमोर. मग लीक बाजूला पडली आणि कोणाच्या तरी बहिणीकडचा कुठला तरी नाताळ निघाला. हॅटवाला तरातरा चालू लागला, वीसेक पावलांवर थांबला आणि मागे न बघता तसाच उभा राहिला. पिशवीवाल्याने जुडी उचलली, पैसे दिले, जुडी पिशवीत खुपसली आणि चाकं खडखडवत त्याच्यापाशी पोचला. कोपऱ्यापर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रस्ता ओलांडताना मात्र हॅटवाल्याने पिशवीचा दांडा आपल्या हातात घेतला.

फुटपाथवर बरीच माणसं होती. कोणी वळून बघितलं नाही. मी सोडून.

दुपारभर ते दृश्य दातात अडकलेल्या सुपारीच्या कणासारखं टोचत राहिलं. त्यात विशेष काय होतं? दोन माणसं बाजारात भांडली. माझे आईवडील आयुष्यभर भांडले. मंडईत, एसटीत, दुसऱ्यांच्या लग्नाच्या पंगतीत. पण दोन पुरुषांना असं, इतक्या जुन्या सरावाने भांडताना मी पहिल्यांदा पाहत होतो. दोन पुरुषांना एकमेकांचं चुंबन घेताना पाहिलं आहे, पडद्यावर आणि पडद्याबाहेरही. मोर्चात नाचताना पाहिलं आहे. ६ सप्टेंबर २०१८ला, आम्हाला गुन्हेगार ठरवणाऱ्या कलम ३७७चा निकाल लागला त्या दिवशी, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना पाहिलं आहे. भाजीवरून भांडताना पाहिलं नव्हतं.

ब्रायटनला यायचं ठरलं ते अर्थातच भलत्या कारणासाठी. माझं लंडनला ऑफिसचं काम होतं, तो, माझा जोडीदार, रजा काढून सोबत आला होता, आणि काम संपल्यावर उरलेल्या दिवसांचं काय करायचं यावर मुंबईतल्या आमच्या झाडून सगळ्या मित्रांचं एकमत होतं. रात्रभर नाचा, दिवसभर किनाऱ्यावर पडून राहा, आणि एकदा तरी भर रस्त्यात हात धरून चाला. या तिसऱ्या गोष्टीवर फार भर. व्हिक्टोरियाहून गाडी तासाभरात पोचते. स्टेशनाबाहेर पडलं की उतरता रस्ता सरळ समुद्राकडे जातो, आणि रस्त्याच्या टोकाशी पाण्याची करडी पट्टी दिसते. ऑगस्टमधला प्राइड, म्हणजे आपल्या मंडळींचा मोर्चा आणि जल्लोष, आम्ही मुद्दाम टाळला होता. त्या शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात, आणि दोघांच्याही गुडघ्यांची आता गर्दीत तासन्‌तास उभं राहायची तयारी नसते. सप्टेंबर होता. ऊन होतं, पण वारा होता. तिथे वारा असतोच.

हात धरून चालण्याचं आधी उरकून टाकतो. चाललो. माझ्या तळहाताला घाम आला, त्याचा हात नेहमीप्रमाणे गार. समोरून बाबागाडी आली म्हणून सोडला, मग खांब आला म्हणून सोडला, मग आइस्क्रीम घेतलं. तेवढंच. दोन माणसांच्या उंचीत फरक असला की हात धरून चालणं गैरसोयीचं असतं, ही माहिती आम्हाला इतक्या वर्षांनी, एवढं विमानभाडं भरून मिळाली.

गेस्टहाउस केम्पटाउन नावाच्या भागात होतं. पांढरं रंगवलेलं अरुंद घर, जिना इतका उभा की बॅग आधी एक पायरी वर ठेवायची आणि मग आपण चढायचं. मालकीणबाईंनी किल्ली दिली, न्याहारीची वेळ सांगितली, वरच्या मजल्यावरचा नळ उलटा फिरतो हेही सांगितलं. पलंगाबद्दल अवाक्षर नाही. आपल्याकडे खोली घेताना आम्ही न चुकता ट्विन बेड मागतो. रात्री दोन पलंग जोडायचे आणि सकाळी चहावाला पोऱ्या दार वाजवायच्या आत पुन्हा वेगळे करायचे. महाबळेश्वर, गणपतीपुळे, हंपी. फरशीवर पलंगाचे पाय घासल्याचा आवाज प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. चकचकीत टाइलवर कर्कश, जुन्या शहाबादीवर घोगरा. पहाटेच्या शांततेत तो आवाज खालच्या मजल्यावर जात असणार या धास्तीने आम्ही पलंग उचलून ठेवायला शिकलो. एक बाजू त्याची, एक माझी, एक-दोन-तीन. ब्रायटनला पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा तो अर्धवट झोपेत पलंगाच्या कडेखाली हात घालून उभा होता. एकच मोठा पलंग, ओक लाकडाचा, जागचा न हलणारा. "झोप," मी म्हणालो. तो झोपला, पण मग मलाच झोप लागेना.

किनाऱ्याबद्दल आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तिथे वाळू नाही. पूर्ण ओहोटीला पाण्याच्या कडेला थोडी उघडी पडते तेवढीच, बाकी सगळे गोटे. तपकिरी, करडे, मधूनच एखादा पांढरा, मुठीएवढे, लिंबाएवढे, बोराएवढे. अनवाणी चाललं की तळव्यांची पूजा होते. लाट येते तेव्हा फार आवाज होत नाही, परतताना होतो. हजारो गोटे एकमेकांवर घरंगळत पाण्याबरोबर मागे ओढले जातात. कोकणातली मऊ, पायाखालून सरकणारी वाळू डोक्यात ठेवून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तो गुडघाभर पाण्यात गेला आणि सांगलीकराला शोभेल असा एक शब्द उच्चारून परत आला. मग टॉवेलवर टॉवेल घालून पडून राहिलो. आजूबाजूला कुटुंबं, कुत्री, वर्तमानपत्रं, एकमेकींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेल्या दोन मुली. डावीकडे १८९९चा पॅलेस पिअर, त्याच्यावरचे पाळणे आणि तळणाचा वास. उजवीकडे जुन्या वेस्ट पिअरचा लोखंडी सांगाडा, १९७५ला बंद पडलेला आणि २००३मध्ये जळालेला, तसाच पाण्यात उभा. आमच्यासमोरच एका सीगलने एका गृहस्थाच्या हातातून मासळीचा अख्खा तुकडा पळवला. गृहस्थांनी पक्ष्याला शिव्या घातल्या आणि उरलेले चिप्स अंगाखाली झाकून घेतले.

पुढे मरीनाच्या बाजूला नग्नस्नानाचा किनारा आहे, अधिकृत, १ एप्रिल १९८०ला सुरू झालेला. तारीख निवडणारा विनोदी असावा. त्याच्या अलीकडपर्यंत व्होक्स रेल्वे नावाची छोटी विजेची गाडी जाते. ती १८८३पासून धावते आहे आणि अजून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी विजेची रेल्वे तीच. आम्ही गाडीत बसलो ते गाडीसाठी, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. गोट्यांच्या उंचवट्याआड तीनचार पिकलेले आजोबा उन्हात पुस्तक वाचत पडले होते, एकाने फक्त मोजे घातले होते. पाहण्यासारखं काही नव्हतं. माझ्या बरोबरच्या गृहस्थांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि संस्कृतीचं रक्षण केलं.

तिथून परतताना मदीरा ड्राइव्हच्या वरच्या अंगाला झुडपांचा एक उतार लागतो, ड्यूक्स माउंड. रात्री अनोळखी पुरुष एकमेकांना शोधत येतात ती ब्रायटनमधली जुनी जागा. दिवसा तिथे नुसती झुडपं. मला मात्र तिथली वाट बघताच कळली, कोणी सांगायची गरज पडली नाही. पायांनी पडलेल्या पण कुठेच न जाणाऱ्या वाटा असतात, त्या जगभर सारख्या दिसत असाव्यात. मुंबईत अपोलो बंदरचा कठडा होता. ताजच्या बाजूने समुद्राकडे तोंड करून बसायचं, सिगरेट विझू द्यायची, मग शेजारच्याकडे काडी मागायची. नव्वदच्या दशकात कॉलेज सुटल्यावर ठाण्याहून व्हीटी आणि तिथून चालत तिथे जायचो, आणि शेवटच्या गाडीच्या भीतीने काहीही न घडता परत यायचो. पोलीस आला तर काय सांगायचं याची उत्तरं पाठ. सांगायचं, हवा खायला आलोय. त्याच सुमारास एका मित्राकडे 'बॉम्बे दोस्त'चा अंक पाहिला होता, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलेला. १९९०मध्ये सुरू झालेलं आपल्या मंडळींचं ते मासिक. त्यातला मजकूर आठवत नाही. अंक परत देताना हात लागू नये म्हणून आम्ही दोघांनी घेतलेली काळजी आठवते.

आता ज्यासाठी आलो ते नाइटलाइफ. शनिवारी आम्ही दुपारी झोप काढली, इस्त्री मागून घेतली, आणि दहाला बाहेर पडलो. सेंट जेम्स स्ट्रीट आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत पब दाटीवाटीने आहेत; काचेला इंद्रधनुषी झेंडा, आत गालिचा, बिअरचा आंबूस वास. समुद्रासमोर लेजंड्स, पिअरच्या अलीकडे १९९१पासून चालू असलेला रिव्हेंज. नाव भारी आहे. आत जायला रांग होती आणि रांगेत आमच्या पुढे लग्नाआधीची मजा करायला आलेल्या वीस बायका, खांद्यावर चमकते पट्टे, नवरीच्या डोक्यावर प्लास्टिकचा मुकुट. त्यातल्या एकीने आम्हाला मिठी मारून सांगितलं की तिला गे माणसं फार आवडतात. हे वाक्य ऐकून काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. आत संगीत छातीत वाजत होतं. पोरं सुंदर होती, अगदी देखणी, आणि आपण देखणे आहोत हे ठाऊक असलेली. आमच्याकडे बघून ती अदबीने बाजूला सरत होती, बसमध्ये काकांना जागा देतात तशा अदबीने.

मला राग आला नाही. पण वाईट वाटलं, आणि ते का वाटतंय हेही कळत होतं. पंचविशीत मी हे ठिकाण मनात बांधलं होतं. कुलाब्याच्या एका पबमध्ये शनिवारी रात्री आपली मंडळी जमायची तेव्हा आम्ही दारातून आत शिरताना खाली मान घालायचो आणि आत गेल्यावर इतकं नाचायचो की सोमवारी जिना चढवत नसे. धाड पडेल ही भीती त्या नाचात मिसळलेली असायची, आणि खरं सांगायचं तर तिची चवही लागली होती. ब्रायटनच्या त्या हॉलमध्ये कोणी कशालाच घाबरत नव्हतं. मी एका खांबाला टेकून उभा राहून त्या पोरांचा हेवा केला, आणि थोडासा कंटाळलोही. दोन्ही एकाच वेळी. त्याने कानात ओरडून विचारलं, "तुझं अ‍ॅसिडिटीचं औषध घेतलंस का?" साडेबाराला आम्ही खोलीवर होतो.

हिशेब मी त्याच रात्री मांडला, छताकडे बघत. लीकवाले म्हातारे पंचाहत्तरचे धरले, तर त्यांच्या शाळकरी वयात ब्रायटनमध्येही हा गुन्हा होता. १९६७ला इंग्लंडमध्ये कायदा सैल झाला तोही एकवीस वर्षांवरच्यांसाठी, आणि चार भिंतींच्या आत. १९७३ला या शहरात पहिला मोर्चा निघाला तेव्हा ते पंचविशीत. गेले असतील, किंवा पडद्याआडून बघितलं असेल. १९८८ला थॅचरबाईंच्या सरकारने कलम २८ आणलं, शाळा आणि नगरपालिकांनी समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही, ते इथे २००३पर्यंत टिकलं. आणि त्याच्या आगेमागे एड्स. समुद्राकडे उघडणाऱ्या न्यू स्टीनच्या बागेत त्याचं स्मारक आहे, २००९चं, ब्राँझच्या दोन आकृती एकमेकींत गुंफून वर गेलेल्या. १ डिसेंबरला तिथे माणसं जमतात आणि गेलेल्यांची नावं वाचतात. लीकवाल्यांनी त्यातली कितीएक नावं फोनच्या डायरीतून खोडली असतील. २०२१च्या जनगणनेत ब्रायटन अँड होवमधल्या सोळा वर्षांवरच्या सुमारे १०.७ टक्के लोकांनी आपण गे, लेस्बियन, बायसेक्शुअल वगैरे असल्याचं लिहिलं, इंग्लंड-वेल्समध्ये सर्वांत जास्त. दर दहांत एक. तेवढी माणसं असली की त्यातली काही म्हातारीही होणार, त्यांचे गुडघे दुखणार, ती भाजीला जाणार. हे गणित सोपं आहे. पण मी ज्या ज्या गे माणसाचं स्वप्न पाहिलं होतं तो कायम तिशीतच होता. म्हातारपण कसं दिसतं ते बघायला मला कोणी मिळालाच नव्हता. आपल्याकडच्या साठी-सत्तरीतल्यांचं बहुतेक लग्न झालं, नातवंडं झाली, आणि ते संध्याकाळी बागेत एकटेच फेऱ्या मारतात.

आता भांडणाबद्दल. आपल्याकडे प्रेम लपवणं त्या मानाने सोपं आहे. दोन पुरुष गळ्यात हात टाकून हिंडले, एका ताटात जेवले, एका खोलीत वर्षानुवर्षं राहिले, तरी मैत्रीच्या खात्यावर ते सगळं खपून जातं. आमच्या सोसायटीत आम्ही 'ते आईबरोबर राहतात ना, ते दोघं' आहोत. त्यातला एक मुलगा, दुसरा मुलाचा मित्र, भाड्याची अडचण, मुंबईचे भाव, वगैरे वगैरे. गणपतीची वर्गणी दोघांची एकाच पावतीवर फाडतात. मात्र मित्र मित्राला "तू परत ओला टॉवेल पलंगावर टाकलास" हे त्या आवाजात म्हणत नाही. त्या आवाजात वर्षं साठलेली असतात. आधीचे सगळे टॉवेल त्यात असतात. भिंतीपलीकडच्या कोणत्याही लग्न झालेल्या माणसाला तो आवाज ओळखू येतो, कारण तो त्याच्याही घरात असतो.

म्हणून आम्ही भांडणं दाबायला शिकलो. तो सांगलीचा आहे हे सांगितलंच. त्याच्या माहेरी, हो, मी माहेरच म्हणतो, मीठ मागितलं तरी गल्लीला ऐकू जातं. आमच्याकडे आल्यावर त्याचा आवाज कमी कमी होत गेला. भिंत चार इंची. शेजारच्या काकू मिक्सरमध्ये ओलं वाटतात की कोरडं तेसुद्धा कळतं. तेव्हा भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर. मी आतल्या खोलीत, तो हॉलमध्ये, मधे आई मालिका बघत बसलेली, फोन म्यूट. टायपिंग दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं. खरंच मोठं काही असेल तर गाडी. काचा वर करून घोडबंदर रोडला लागायचं. सिग्नलला शेजारी रिक्षा उभी राहिली की दोघं गप्प, समोर बघत. हिरवा पडला की राहिलेलं वाक्य पूर्ण. तो एकदा म्हणाला होता की आपल्याला घटस्फोट घ्यायची सोय नाही, कारण आपण लग्न केलेलं नाही, आणि लग्न करायची सोय नाही कारण कोर्टाने ते संसदेवर सोपवलं, तेव्हा मुकाट्याने फाउंटनपर्यंत चल आणि पाणीपुरी खा. हे १७ ऑक्टोबर २०२३च्या त्या निकालानंतरचं.

ब्रायटनला आमचंही भांडण झालं. रॉयल पॅव्हिलियनच्या हिरवळीवर. ती वास्तू बघितल्यावर आपल्याला आधी हसूच येतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर घुमट, मिनार, जाळ्या, आणि आत चिनी ड्रॅगन. राजपुत्र जॉर्ज पहिल्यांदा १७८३ला या गावात आला. त्याआधी डॉ. रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने समुद्राचं पाणी पोटात घ्या, त्यात डुंबा, हवापालट करा असं सांगून श्रीमंतांची रीघ लावली होतीच. राजपुत्र प्रकृतीसाठी आला आणि चैनीसाठी राहिला. त्याच्यासाठी जॉन नॅशने १८१५पासून हे घुमट चढवले. आणि या ऐषआरामी महालात डिसेंबर १९१४पासून १९१६च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समधून जखमी होऊन आलेल्या हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. झुंबरांखाली रांगेने खाटा. हिंदू-मुसलमानांना वेगळे नळ, आवारात नऊ स्वयंपाकघरं, कोणाचा धर्म बाटू नये म्हणून. साम्राज्याला आपल्या खाण्याची किती काळजी! याच साम्राज्याने १८६०मध्ये आपल्याला ३७७ लिहून दिलं. आणि याच पॅव्हिलियनमध्ये २९ मार्च २०१४च्या मध्यरात्री, समलैंगिक लग्नांचा कायदा लागू होताच काही मिनिटांत, दोन पुरुषांचं लग्न लागलं. देशातल्या अगदी पहिल्या लग्नांपैकी एक. त्याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर २०१३मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला परत गुन्हेगार करून ठेवलं होतं.

तर भांडण. त्याला ब्रायटनबाहेरच्या पॅचमच्या टेकडीवरची छत्री बघायची होती. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना जिथे अग्नी दिला तिथे बांधलेली, १९२१मध्ये अनावरण झालेली संगमरवरी छत्री. आराखडा करणारा ई. सी. हेन्रिक्स मुंबईचा. मला शेवटची दुपार समुद्रावर घालवायची होती. तो म्हणाला, तू कायम असंच करतोस. मी म्हणालो, कायम म्हणजे कधी, एक उदाहरण दे. त्याने चार दिली, त्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. बोलता बोलता लक्षात आलं की आम्ही कुजबुजतोय. चेहरे शांत, ओठ जेमतेम हलतायत, आणि मधून कोणी गेलं की थांबतोय. आजूबाजूला स्पॅनिश पोरांची सहल, झोपलेला एक दाढीवाला, आणि सँडविच खाणाऱ्या बायका. "अरे, इथे कोणाला मराठी येतंय," मी म्हणालो, "ओरड की." तो उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला. "तू," तो म्हणाला, आणि आवाज वरच्या पट्टीत जाऊन फाटला. सँडविचवाल्यांनीही बघितलं नाही. त्याने दोनदा घसा खाकरला. मग खाली बसला आणि नेहमीच्या, सिग्नलला थांबलेल्या आवाजात म्हणाला, "जमत नाहीये मला आता."

मला हसू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

छत्रीला गेलो. बसने आणि मग शेतांमधून पायी, चढावर, अंगावर येणारा वारा, खालून मोटाररस्त्याची अखंड घरघर. मेंढ्या होत्या. छत्रीच्या पांढऱ्या घुमटाखाली आठ खांब, आणि जवळ अलीकडे २०१०ला बसवलेल्या शिळेवर त्रेपन्न नावं. याने ती सगळी मोठ्याने वाचली, एकेक, हवा तेवढा आवाज लावून. त्यांची राख इंग्लिश खाडीत, म्हणजे त्या गोट्यांच्या समुद्रात सोडली होती. परतताना मी म्हणालो, बरं झालं आलो. तो म्हणाला, आता बोलू नकोस, आता तुझं काही ऐकायचं नाही मला. स्टॉपवर एक बाई होत्या, तरी म्हणाला.

ठाण्याला आल्यावर बॅगा उघडल्या. ब्रायटन रॉक म्हणून एक गुलाबी, काठीसारखी कडक साखरेची कांडी मिळते, कुठेही तोडली तरी आत गावाचं नाव. आईने ती बत्त्याने फोडली. मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला, मला म्हणाली, तू नको, तुझी शुगर. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, त्यांनाही एक तुकडा मिळाला. "ह्याच्या मित्राने आणलंय," आई म्हणाली. तो मित्र कांडी कडाकडा चावत गॅलरीत कपडे वाळत घालत होता, माझे आणि त्याचे.

काकूंनी फोटो पाहिले. किनाऱ्याच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "वाळू कुठाय?"

"वाळू नाही काकू. दगड आहेत सगळे."

"आणि पाणी?"

"गार. पाय घालवत नाही."

"मग एवढ्या लांब जातात कशाला माणसं तिथे?"

"हवापालटाला," मी म्हणालो. गॅलरीतून, जरा मोठ्या आवाजात, "काहीही सांगू नकोस त्यांना," असं ऐकू आलं.